दहा फुटांवरची कडी

माझी उंची चार फूट दहा इंच. ती मी कधी कुणापासून लपवली नाही. लपवण्याइतकी ती नव्हतीच. मॅट्रिक झाल्यावर पोलीस कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी गेलो, तेव्हा तिथल्या जमादारानं मला भिंतीवरच्या मापाशी उभं केलं, पट्टी खाली आणली, आणखी खाली आणली, आणि शेवटी म्हणाला, "पावनं, नीट उभं ऱ्हावा की."

मी नीटच उभा होतो.

हा माणूस पुढं सात वर्षं सोलापुरात बास्केटबॉल खेळला, आणि त्यातली चार वर्षं तर त्यानं नुसता खेळण्याचाच पगार घेतला, असं मी सांगतो तेव्हा ऐकणारा आधी माझ्याकडं बघतो, मग माझ्या पायांकडं बघतो, आणि मग हसतो. बसलेलो असलो तर हसायला जरा उशीर लागतो, एवढंच.

पोलिसांनी नाकारल्यावर वडिलांनी ओळखी काढून मला एका कापड मिलमध्ये टाइमकीपरच्या हाताखाली चिकटवलं. वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी लेखणीपेक्षा जड वस्तू उचललेली नव्हती. टाइमकीपरच्या खिडकीतून बाहेरच्या कामगारांना माझी फक्त काळी टोपी दिसायची. ते टोपीलाच आपला नंबर सांगायचे आणि पुढं जायचे.

त्याच सुमारास मिलनं मद्रासकडून शिकून आलेला एक ड्रिलमास्तर ठेवला. भोंगा झाल्यावर कामगारांनी गुत्त्याच्या वाटेला लागण्याऐवजी मैदानावर यावं अशी मॅनेजरसाहेबांची कल्पना होती. ड्रिलमास्तरांनी मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत मुरूम टाकून घेतला, त्यावर रूळ फिरवला, फक्कीनं रेघा मारल्या आणि दोन टोकांना दोन खांब पुरले. लोहारखात्यातून लोखंडी कड्या आल्या, त्यांना सुताच्या दोरीची जाळी लागली. कडी जमिनीपासून दहा फूट उंच. माझ्या डोक्यावर दुसरा मी उभा राहिलो असतो, तरी कडी चार इंच वरच उरली असती. सगळ्या शहरात लोक त्याला 'टोपलीचा खेळ' म्हणू लागले.

ड्रिलमास्तरांनी सगळी खाती फिरून उंच उंच माणसं वेचून काढली. त्यात सगळ्यात उंच होता कापसाच्या गोदामातला एक धनगर. मंगळवेढ्याकडचा होता. मेंढरं भाऊ बघायचे, आणि हा गोदामात गाठी उचलायचा. सोलापुरातल्या एकाही दारानं त्याचं कपाळ सोडलेलं नव्हतं. मलाही बोलावलं होतं, पण गुण लिहायला. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, मांडीवर पाटी घेऊन बसायचं, आणि खेळ संपला की चेंडू, हवेचा पंप आणि फक्कीचा डबा उचलून कचेरीत ठेवायचा.

तर चेंडू उचलून नेताना मी तो एकदोनदा कडीकडं टाकून बघायचो. एकदोनदा म्हणजे खरं तर अंधार पडेपर्यंत. दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांच्या मध्ये धरायचा, जरा वाकायचं आणि खालून वर सोडून द्यायचा, विहिरीतून घागर वर काढून पलीकडं ओतल्यासारखा. पहिले आठ दिवस चेंडू जाळीलासुद्धा लागला नाही. महिन्यानं दहातले चार जाऊ लागले, आणि पावसाळा संपेपर्यंत दहातले सात.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून होटगीच्या रेल्वेवाल्यांचा संघ आमच्याकडं खेळायला आला आणि आमचा एक गडी ऐन वेळी तापानं आडवा झाला, तेव्हा ड्रिलमास्तरांची नजर सगळ्या मैदानावर दोन वेळा फिरली आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यावरून गेली. पाच माणसं भरल्याशिवाय सामना नाही. मॅनेजरसाहेब कडेला आरामखुर्ची टाकून बसलेले. शेवटी ड्रिलमास्तरांनी खाली बघितलं.

"तुम्ही नुसते उभे राहा," ते मला म्हणाले. "कुणाच्या पायात येऊ नका."

मी टोपी खुर्चीवर ठेवली, धोतराचा काचा घट्ट मारला आणि मैदानात उतरलो. भोवती कामगारांची ही गर्दी. मिलमध्ये तेलुगू विणकर, सुताला खळ लावणारे कानडी मुलखातले सायझर, दखनी बोलणारे जॉबर म्हणजे मुकादम, सगळेच. एका बाजूनं "पोट्टोडू", दुसऱ्या बाजूनं "गिड्डा", तिसरीकडून "अरे ठिंगू, घर जा" असं सुरू झालं. त्या दिवसापासून मला बुटका हा शब्द चार भाषांत येतो.

रेल्वेच्या पुढाऱ्यानंही मला बघितलं आणि आपल्या माणसांना हात हलवून सांगितलं, याच्यावर कुणी थांबायची गरज नाही. इथंच त्यांचं चुकलं. आमच्या बाकीच्या चौघांना त्यांनी असं घेरून टाकलं, की धनगराच्या हातात चेंडू आला तेव्हा त्याला द्यायला कुणी मोकळंच दिसेना. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग अगदी नाइलाजानं चेंडू माझ्याकडं सोडला. मी कडीच्या समोर एकटा. गुडघ्यांत घेतला, वाकलो, वर सोडला.

जाळी हलली.

रेल्वेचे गडी जागच्या जागी थांबले. मला वाटलं, माझ्या हातून काही नियम मोडला. मग जी आरोळी उठली, ती ऐकून मॅनेजरसाहेब आरामखुर्चीवरून उठून उभे राहिले. धनगर माझ्याजवळ आला, खाली वाकून माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाला, "कारकून, हे तुमी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम."

"आनी येतंय का तसं?"

"येतंय."

"मंग कुटं जाऊ नका. हितंच थांबा."

तो सामना आम्ही जिंकला आणि माझी खुर्चीवरची पाटी दुसऱ्या कुणाकडं तरी गेली.

खेळायला लागल्यावर मला आपल्या उंचीचे फायदे कळू लागले. तेव्हाचा चेंडू कातड्याचा असायचा, आतला ब्लॅडर भरला की त्याचं तोंड वादीनं शिवून टाकायचं. चेंडू जमिनीवर आपटत पळताना ती वादी खाली आली की तो भलतीकडं उसळायचा. उंच गड्यांचा चेंडू कमरेइतका उसळायचा, त्यामुळं वादीनं मारला की हातभर लांब जायचा. माझा चेंडू उसळून उसळून किती उसळणार? घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. वादी लागली तरी बोटभर हलायचा. मी तसाच खालून, लोकांच्या कोपरांखालून निघून जायचो. समोरचा वाकेपर्यंत मी पुढं, आणि वाकलेला सरळ होईपर्यंत चेंडू कडीत. एका जॉबरनं तर मॅनेजरसाहेबांकडं तक्रार केली की माझ्याशी खेळून त्याची कंबर धरली.

पण खरी गंमत धनगराच्या आणि माझ्या जोडीची. त्या वेळी नियम असा होता, की प्रत्येक गोल झाला की चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यावर आणायचा. पंच तो दोन्ही बाजूंच्या एकेका गड्याच्या मध्ये वर फेकणार, दोघं उडी मारणार, आणि ज्याचा हात आधी पोचेल तो चेंडू आपल्या माणसाकडं थापटणार. आमच्याकडून उडी मारायचा धनगर. हात त्याचाच आधी पोचायचा. तेव्हा आम्ही खुणा ठरवल्या. मी उजवा कान खाजवला की त्यानं चेंडू उजवीकडं थापटायचा, डावा खाजवला की डावीकडं, आणि नाक चोळलं की मागं. दोन वर्षं आम्ही या खुणांवर शहरातले बहुतेक सगळे सामने मारले, आणि कुणाला संशय आला नाही. लोकांना एवढंच वाटायचं की कारकुनाला खरूज झालेली आहे.

एक दिवस सात रस्ता चौकातल्या चहाच्या दुकानात दुसऱ्या एका मिलचे वीव्हिंग मास्तर, म्हणजे विणाईखात्याचे मुख्य, माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी चहा मागवला, भजी मागवली आणि म्हणाले, "आमच्याकडं या. कापड तपासनीस म्हणून लावून घेतो. पगार इथल्या दीडपट."

"पण मला कापडातलं काही कळत नाही."

"कळून करायचंय काय? सकाळी मस्टरवर सही करायची आणि चार वाजता मैदानात यायचं. मधल्या वेळात वाटल्यास झोपा."

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते मुलांच्या वह्या तपासत बसले होते. लेखणी खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे चेंडू टाकण्याचा पगार?"

"होय, अण्णा."

"आणि चेंडू टाकायचा नसेल त्या दिवशी?"

"त्या दिवशीही तोच."

वडिलांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "तीस वर्षं मी वर्गात पोरांच्या पाठीत धपाटे घालून सांगतोय, खेळ सोडा आणि अभ्यासाला बसा. आता मी उद्या वर्गात काय बोलू?" पण त्यांनी नको म्हटलं नाही. फक्त कुणी विचारलं तर 'कापड तपासनीस' एवढंच सांगायचं, असं बजावलं.

धनगराला सांगणं जास्त जड गेलं. गोदामाच्या दारात गाठीवर बसून तो तंबाखू मळत होता. मी सगळं सांगितलं. तो वर न बघता म्हणाला, "जावा की. चांगलं हाय."

"तू रागावलास का?"

"न्हाय. राग कशापायी?" त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "पर मी उडी मारून बॉल कुनाला देऊ, ते सांगून जावा."

मी गेलो, आणि त्यानंतर सहा महिने तो रस्त्यात दिसला तरी माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत जायचा. त्याला ते फार सोपं होतं.

त्याच सहा महिन्यांत माझं लग्न ठरलं. मुलगी करकंबची, तिच्या घरी देवळाची पूजाअर्चा होती. बघायला गेलो तेव्हा वडिलांनी मला वाटेतच तंबी दिली, "आत गेल्या गेल्या पाटावर बसायचं आणि निघेपर्यंत उठायचं नाही. लागलं तर पायाला मुंग्या आल्या म्हणून सांग." मी तसा बसलो. गंमत अशी, की मुलगीही आधीपासून बसलेलीच होती. पोहे दुसऱ्याच कुणी आणून दिले. पाणीही दुसऱ्यानंच. मुलीनं बसूनच नाव सांगितलं, बसूनच सुपारी फिरवली. माझ्या मनात आलं, हिच्या पायाला काही अधू आहे की काय.

सगळं पसंत पडलं, तेव्हा तिच्या वडिलांनी सहज म्हटलं, "आता दोघांनी देवाला नमस्कार करा." आता आली पंचाईत. मी वडिलांकडं बघितलं, तिनं आईकडं बघितलं. दोघांनाही उठणं भाग होतं. आम्ही उठलो, आणि उठून झाल्यावर माझे डोळे तिच्या हनुवटीशी आले. चांगली चार बोटं उंच होती. तिच्या घरच्यांनी तिची उंची जास्त म्हणून लपवली होती आणि माझ्या घरच्यांनी माझी कमी म्हणून. तिच्या वडिलांचा चेहरा पडला, माझ्या वडिलांनी उपरणं सारखं केलं. मग ती एकदम खुदकन हसली. ती हसली म्हणून मी हसलो, आणि लग्न झालं.

लग्नानंतर आठ दिवसांनी तिनं विचारलं, "कापड तपासनीस म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

मी खरं ते सांगितलं.

"टोपलीत चेंडू टाकायचा?"

"होय."

"दिवसभर?"

"नाही. चार वाजता."

"मग मला बघायला यायचंय," ती म्हणाली.

आणि ती आली तो सामना नेमका माझ्या जुन्या मिलशी होता. साहेबांच्या घरातल्या बायकांसाठी मैदानाच्या एका बाजूला कनात लावली होती, तिच्यामागं तिला जागा मिळाली. मी मैदानात उतरलो तर समोर धनगर. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

पंच मध्यावर आले, चेंडू वर गेला. आता मी जे सांगतो त्यावर माझ्या जुन्या मिलमधल्या लोकांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही, पण ते अगदी शपथेवर खरं आहे. सोलापूरचं ऊन, घामाचा ओघळ कानात गेलेला, मला खरोखरच खाज सुटली. मी उजवा कान खाजवला. धनगरानं उडी घेतली होती, त्याची नजर सवयीनं माझ्याकडं गेली, आणि त्यानं चेंडू अलगद माझ्या हातात थापटून दिला. त्याच्या शत्रूच्या हातात! मी तरी काय करणार? माझे पाय सवयीनं आधीच पळायला लागले होते. गोल झाला.

मैदानावर हलकल्लोळ उडाला. त्याचे चौघं सोबती त्याच्या अंगावर धावून गेले. तो मधोमध उभा राहून आपल्या उजव्या हाताकडं बघत होता, जणू काही तो हात दुसऱ्याचा आहे. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"कारकून," तो म्हणाला, "ही लबाडी हाय."

"अरे, खरंच खाज सुटली रे."

"मला शिकवू नका. आता बघा तुमी."

पुढचा सगळा वेळ त्यानं चेंडूचा नाद सोडला आणि माझाच धरला. मी जाईन तिथं तो. त्याचे ते लांब हात माझ्या दोन्ही बाजूंना, आणि वर त्याची छाती. मला कडी दिसेना, खांब दिसेना, आभाळ दिसेना. खालून निसटावं म्हटलं तर तो माझ्या आधी वाकायचा. माझ्या सगळ्या वाटा त्याला पाठ होत्या, कारण त्या आम्ही दोघांनी मिळूनच काढल्या होत्या. मध्येच तो खालच्या आवाजात म्हणायचा, "आता नाक चोळा. डावा कान र्‍हायलाय बगा." मला हसू आवरेना, आणि हसताना नेम कुठला लागायला? एका गोलनं आम्ही हरलो.

सामना संपल्यावर वीव्हिंग मास्तर माझ्याकडं न बघताच निघून गेले. धनगर मात्र आला आणि उभा राहिला.

"कनातीमागं वैनी हायती का?" त्यानं विचारलं.

"आहे."

"लई हसत हुत्या. मी उडी मारताना बगितलं."

मी त्याला घरी घेऊन आलो. दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागायची ती लागलीच. बायकोनं त्याला हळद लावायला दिली आणि विचारलं, "तुम्ही ह्यांच्या बाजूचे नव्हता ना?"

"न्हाय."

"मग ह्यांना चेंडू का दिलात?"

धनगरानं कपाळावर हळद दाबली. "आता बाजू बदलली हे डोस्क्याला म्हाईत हुतं," तो म्हणाला. "हाताला कुनी सांगितलंच न्हाई."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. येताना हुलग्याचं पीठ आणायचा, आणि माझ्या बायकोला त्याचं पातळ माडगं कसं करायचं ते शिकवायचा. चुलीपुढं ती दोघं उंच माणसं आणि मी त्यांच्या मध्ये. सामने चालूच होते. कधी ते जिंकायचे, कधी आम्ही.

मग एका वर्षी ड्रिलमास्तरांकडं नियमांचं नवं पुस्तक आलं. गोल झाल्यावर मध्यावर उडी मारायची पद्धत रद्द. ज्याच्यावर गोल झाला त्यानं सरळ कडीखालून चेंडू टाकून खेळ पुढं चालू करायचा. वाचायला एवढीशी ओळ, पण तिच्यामुळं खेळ पळण्याचा झाला. माझ्यासारख्याची चैन झाली आणि धनगराचं काम संपलं. एका सामन्यात एकदाच उडी, त्यासाठी त्याला कोण ठेवणार? त्याला पूर्ण वेळ गोदामात लावलं. दोन महिने त्यानं गाठी उचलल्या आणि एक दिवस सांगायला आला, की गावाकडं जातोय.

"मेंढरांना नियमाचं पुस्तक न्हाय," तो म्हणाला. बायकोनं त्याला वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. या वेळी दारातून जाताना तो वाकला. त्याची सवय मोडली याचं मला उगाचच वाईट वाटलं.

मी आणखी दोन वर्षं खेळलो. मग होटगीला रेल्वेच्या मैदानावर, वळताना पाय मुरुमावरून सरकला आणि गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं. तीन महिने मी खाटेवर होतो. चालायला लागलो तेव्हा पाय सरळ होता, पण पळू देईना.

मिलनं मला काढून टाकलं नाही. काढायचं तरी कशावरून? मस्टरवर मी चार वर्षं कापड तपासनीस होतो. वीव्हिंग मास्तर एवढंच म्हणाले, "आता सोमवारपासून खरोखरचं कापड तपासा." त्यांनी माझ्यासमोर धोतरजोड्यांचं ठाण उलगडून ठेवलं. मी त्याकडं बघत राहिलो. उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, तेही मला कळेना.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. बायकोनं विचारून विचारून सगळं काढून घेतलं. मग आपली दोन लुगडी आणून तिनं माझ्या मांडीवर पसरली आणि खिडकीतल्या उजेडाकडं धरली. "हे बघा, इथं आडवा धागा तुटून पुन्हा जोडलाय. इथं दोन एकदम शिरलेत. इथं खळ जास्त झालीय, बोट लावून बघा, कडक लागतंय ना?" तिच्या घरी देवाला वाहिलेल्या कापडांचा ढीग असायचा, लहानपणापासून ती तेच निवडत आलेली. रोज संध्याकाळी ती एक कापड घेऊन बसायची, मी चुका शोधायचो, आणि सुटलेल्या ती दाखवायची. पहिल्या दिवशी अकरातल्या दोन सापडल्या मला. कडीत चेंडू टाकायला शिकलो तेव्हाही सुरुवात याच्यापेक्षा वाईट होती, म्हणून मी धीर सोडला नाही.

सहा-सात महिन्यांनी वीव्हिंग मास्तरांनी एक ठाण माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं, मग स्वतः तपासलं, आणि म्हणाले, "तुमची नजर बरीय की हो."

मी घरी जाऊन मोठ्या ऐटीत ते सांगितलं.

बायको फळीवरून डबा काढत होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "कुणाची?" ती म्हणाली.